रेडिओ-विमानाचे पहिले धडे : वाचकांचे प्रश्न

रेडिओ-नियंत्रित विमानांविषयी वाचकांकडून मागवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहे. आलेल्या पत्रांत काय विकत घ्यावे यापेक्षा कसे शिकावे आणि इतरांना कसे शिकवावे याची विचारणा अधिक आहे, याचे मला फार समाधान वाटते. या छंदात पहिल्याच महिन्यात विमान मोडून निराश होणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्यांतील बहुतेकांच्या हातात दोष नसतो. विचार करायला पुरेसा वेळच त्यांना मिळालेला नसतो, आणि खालील बहुतेक उत्तरे हा वेळ कसा मिळवायचा याविषयीच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे आणि तिला रेडिओवरचे विमान उडवायला शिकायचे आहे. दुकानात दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानाची देखणी प्रतिकृती तिला फार आवडली. पहिले विमान म्हणून ती घ्यावी का? (सातारा)

उत्तर : पहिले विमान म्हणून ती घेऊ नये. अशा प्रतिकृतीचा पंख धडाच्या खालच्या अंगाला असतो, पंखाच्या मानाने वजन जास्त असते आणि एकदा विमान एका बाजूला कलले की उडवणाऱ्याने सरळ करेपर्यंत ते कललेलेच राहते. सरावलेल्या हातांना हा गुण वाटतो, नवशिक्याला मात्र तो सावरायला सवड देत नाही. प्रशिक्षणासाठीच्या विमानाचा, ज्याला सगळे ट्रेनर म्हणतात त्याचा, पंख धडाच्या वर बसवलेला असतो, पंखाची दोन्ही टोके मधल्या भागापेक्षा थोडी उचललेली असतात आणि पंखाचा खालचा पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो. टोके उचललेली असल्यामुळे विमान कलून बाजूला घसरू लागले की खालच्या पंखाला वाऱ्याचा अधिक आधार मिळतो आणि ते आपोआप समपातळीकडे येते.

वजनाचा हिशेब दुकानात क्वचितच कोणी सांगतो, म्हणून तो येथे मांडतो. १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचे विमान ७०० ग्रॅम वजनाचे असेल, तर प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सुमारे २९ ग्रॅम भार येतो आणि ते साधारण ताशी २३ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकते. त्याच पंखावर १४०० ग्रॅम वजन लादले, तर हा किमान वेग ताशी ३३ किलोमीटरच्या आसपास जातो. वजन दुप्पट झाले की वेग सुमारे १.४ पट होतो, कारण वजन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पेलले जाते. प्रत्यक्ष उडवताना किमान वेगापेक्षा बराच अधिक वेग ठेवावा लागतो. त्यामुळे हलके विमान सेकंदाला दहा मीटर जाते तेव्हा जड विमान चौदा मीटर गेलेले असते, आणि मुलीला विचार करायला तितका कमी अवधी मिळतो.

शिकवणारे कोणी सोबत असेल तर थ्रॉटल (मोटरचा वेग), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), रडर (नाक डावे-उजवे वळवणारा) आणि एलेरॉन (विमान कलवणारे) अशा चार चॅनेलचे, म्हणजे चार स्वतंत्र नियंत्रणांचे, विमान सुरुवातीपासून घेण्यास हरकत नाही. एकटीने शिकायचे असल्यास एलेरॉन नसलेले, तीन चॅनेलचे विमान बरे. फोमचे, मोटर पंखाच्या मागे असलेले विमान नाकावर आपटले तरी फिरणारा पंखा (प्रोपेलर) आणि मोटर बहुधा वाचतात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या सनबोर्डपासून घरीही चांगला ट्रेनर बनवता येतो, आणि माझा आग्रह मुलीने एक तरी विमान स्वतः बनवावे असा आहे, कारण जे आपण जोडले ते मोडले तर पुन्हा जोडता येते हे तिला आधीच ठाऊक असते. फिरता पंखा बोट कापू शकतो, याची जाणीव मात्र पहिल्या दिवशीच करून द्यावी. बॅटरी मैदानावरच जोडावी, जोडताना थ्रॉटल शून्यावर असावा, सर्वांनी विमानाच्या मागे उभे राहावे आणि शेजारी एक मोठी व्यक्ती असावी.

प्रश्न : आमच्या शाळेत एनसीसीच्या एअर विंगचे पथक आहे. मला स्वतःला विमान बऱ्यापैकी उडवता येते, पण मुलांना शिकवताना एक तर मी ताबा सोडत नाही किंवा सोडला तर विमान पडते. शिकवण्याची पद्धत काय असावी? (कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. उडवता येणे आणि उडवायला शिकवता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसऱ्यासाठी आपल्याला काही साधने व काही शिस्त लागेल.

साधनांत पहिले म्हणजे जोडलेले दोन ट्रान्समीटर (हातात धरायचे रिमोट), ज्याला मैदानावर बडी बॉक्स म्हणतात. दोन्ही ट्रान्समीटर केबलने, किंवा अलीकडच्या संचांत बिनतारी, जोडता येतात. विमान शिक्षकाच्या ट्रान्समीटरशी बाइंड केलेले, म्हणजे फक्त त्याचेच ऐकेल असे जुळवलेले असते. शिक्षक एक स्विच ओढून धरतो तेवढाच वेळ विद्यार्थ्याच्या स्टिकचा हुकूम विमानापर्यंत पोहोचतो आणि स्विच सोडताक्षणी ताबा शिक्षकाकडे परत येतो. एकच ट्रान्समीटर हातातून हातात देऊन शिकवण्यात दोन मौल्यवान सेकंद जातात आणि देता-घेताना स्टिकला धक्का लागतो, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी. दोन ट्रान्समीटर जोडल्यावर पंखा काढून ठेवून जमिनीवर तपासणी करावी : दोन्हींवरून एलेरॉन, एलिव्हेटर, रडर आणि थ्रॉटल योग्य दिशेने व सारख्याच प्रमाणात हलतात का, आणि स्विच इकडून तिकडे करताना कोणताही पृष्ठभाग जागचा सरकतो का, हे पाहावे. तो सरकत असेल तर ताबा बदलताना विमान हवेत झटका खाईल. सर्व मुलांनी एकाच मोडवर शिकावे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोड २ वापरतात, ज्यात डाव्या स्टिकवर थ्रॉटल व रडर आणि उजवीवर एलिव्हेटर व एलेरॉन असतात, तेव्हा पथकासाठी तोच ठेवावा.

विद्यार्थ्याला स्टिक देण्याआधी शिक्षकाने विमान स्वतः उडवून, ट्रिम करून, स्टिक मोकळ्या सोडल्या तरी ते सरळ जाते याची खात्री केलेली असावी. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्के अंतरावर आला पाहिजे. शेपटीकडे जड असलेले विमान अनुभवी माणसालाही दमवते आणि नवशिक्या तो दोष स्वतःचा समजतो. मुलाच्या आत्मविश्वासाचे याहून मोठे नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आता ताबा सोडण्याविषयी. विमान नाक खाली करून सेकंदाला १५ मीटर वेगाने येत असेल, तर ६० मीटर उंचीवरून जमिनीवर पोहोचायला त्याला चार सेकंद लागतात आणि १५ मीटरवरून एकच. चूक झाली हे मुलाला कळायला सुमारे एक सेकंद जातो, ती त्याला सुधारता येणार नाही हे आपल्या लक्षात यायला आणखी एक, आणि आपण ताबा घेऊन विमान सावरायला एक-दीड सेकंद. हा हिशेब केला की ६० मीटरच्या खाली नवा विद्यार्थी का नको, आणि त्या उंचीवर आपण ताबा सोडायला का भिऊ नये, ही दोन्ही उत्तरे मिळतात. आपण स्वतः विमान उडवून ६० ते ८० मीटरवर न्यावे, समपातळीत आणावे आणि मग स्विच ओढावा. पुरेशी उंची असेल तर मुलाला त्याची चूक थोडी पुढे जाऊ द्यावी, म्हणजे तिचा परिणाम त्याच्या डोळ्यांना दिसेल. ताबा परत घ्यावा लागला तर विमान सावरून, उंचीवर नेऊन त्याच उड्डाणात लगेच परत द्यावे. चुकल्यानंतर दहा मिनिटे बाजूला उभे केलेले मूल पुढच्या वेळी स्टिक धरताना आखडलेले असते.

देवाणघेवाणीचे शब्द आधी ठरवावेत. ‘तुझ्याकडे’ आणि ‘माझ्याकडे’ हे दोन पुरेसे आहेत आणि प्रत्येक वेळी विद्यार्थ्याने ते मोठ्याने परत म्हणावेत. ‘डावीकडे, डावीकडे’ असे ओरडू नये, कारण विमान समोरून येत असेल तर मुलाला कोणाची डावी ते कळत नाही. ‘उजवी स्टिक थोडी डावीकडे, आता मध्यावर’ असे स्टिकचे नाव घेऊन, एका वेळी एकच सूचना द्यावी. बहुतेक मुले स्टिक गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हलवतात आणि धरून ठेवतात. एलेरॉनने विमान कलवायचे, स्टिक मध्यावर आणायची आणि मग काय होते ते पाहायचे, ही सवय पहिल्या दोन-तीन उड्डाणांत लागली की पुढचे काम हलके होते.

क्रमाविषयी माझे मत थोडे आग्रही आहे. आधी सरळ, समपातळीतील उड्डाण, मग मोठ्या त्रिज्येची वळणे घ्यावीत. वळताना नाक का खाली जाते, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून सांगावे : विमान कलले की पंखाच्या उचलीचा काही भाग बाजूला ओढण्यात जातो, म्हणून ३० अंश कललेल्या विमानाला उंची राखण्यासाठी सुमारे १५ टक्के अधिक आणि ६० अंश कललेल्याला दुप्पट उचल लागते. ती एलिव्हेटर किंचित मागे ओढून मिळवावी लागते. यानंतर थ्रॉटल कमी-जास्त करणे आणि उंचावर मुद्दाम स्टॉल करून (वेग कमी पडून पंखाची उचल जाऊ देऊन) सावरणे शिकवावे. त्यानंतर मैदानाभोवती आयताकृती फेऱ्या, मग धावपट्टीवरून दहा मीटर उंचीचे सरळ पल्ले, आणि त्यातूनच पुढे उतरणे. जमिनीवरून उड्डाण घेणे मी शेवटी शिकवतो. अनेक ठिकाणी ते आधी शिकवतात, पण मला तो क्रम पटत नाही, कारण विमान वर नेता येणे म्हणजे ते खाली आणता येणे नव्हे, आणि उड्डाण जमलेले मूल उतरण्याचा सराव होण्याआधीच एकटे उडवायचा हट्ट धरते.

एका बॅटरीवर आठ मिनिटांचे उड्डाण होत असेल तर मुलाच्या हाती सलग चार-पाच मिनिटेच द्यावीत. त्यापुढे लक्ष ढळते. उरलेल्या मुलांपैकी एकाला आकाशातील घारी, रस्त्यावरची माणसे आणि गुरे यांवर लक्ष ठेवून मोठ्याने सांगण्याचे काम द्यावे. घार विमानाकडे झेप घेऊ लागली तर तिच्याशी खेळ न करता विमान दूर नेऊन उतरवावे.

प्रश्न : विमान दूर जाताना मला छान उडवता येते, पण ते वळून माझ्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि ते पडते. यावर उपाय काय? (नागपूर)

उत्तर : ही अडचण प्रत्येकाला येते. विमान समोरून येत असताना जो पंख आपल्याला खाली गेलेला दिसतो, त्याच बाजूला एलेरॉनची स्टिक न्यावी, जणू तो पंख खालून टेकू देऊन उचलायचा आहे. आपल्या उजव्या हाताकडचा पंख खाली असेल तर स्टिक उजवीकडे. हा नियम सुरुवातीला फार उपयोगी पडतो, परंतु तो कायमचा आधार मानू नये. आपण विमानाच्या आत बसलो आहोत अशी कल्पना मनात पक्की होईपर्यंतच तो वापरावा. मैदानावर शरीर विमान जात असलेल्या दिशेकडे वळवून, मान फिरवून त्याच्याकडे पाहिले तर ही कल्पना लवकर रुजते.

यासाठी सर्वांत स्वस्त गुरू म्हणजे सिम्युलेटर होय. पिकासिम मोफत मिळतो, रिअलफ्लाइटसारखे विकतचेही आहेत, आणि बहुतेक नवे ट्रान्समीटर यूएसबी केबलने संगणकाला जोडता येतात. स्वतःचाच ट्रान्समीटर जोडावा. कीबोर्डवर केलेला सराव हातांना काही शिकवत नाही. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे समोरून येणारे विमान सरळ ठेवण्याचा आणि इंग्रजी आठच्या आकाराचा सराव करावा. आठच्या आकारात डावी आणि उजवी अशी दोन्ही वळणे येतात, तर नुसत्या गोल फेऱ्यांनी एकाच बाजूची सवय जडते.

मैदानावर सूर्य पाठीशी ठेवून उभे राहावे. १२० सेंटिमीटरचे विमान १५० मीटरपेक्षा दूर जाऊ देऊ नये, कारण त्यापलीकडे ते केवळ एक रेघ दिसते आणि ते येत आहे की जात आहे हे सांगता येत नाही. पंखाच्या वरच्या व खालच्या बाजूंचे रंग वेगळे ठेवावेत आणि एका पंखाखाली गडद पट्टा चिकटवावा. तरीही दिशा हरवली तर थ्रॉटल कमी करून एलेरॉन व रडर मध्यावर आणावेत. उंची असेल तर ट्रेनर आपोआप सरळ होतो, आणि मग रडर किंचित देऊन तो कोणत्या बाजूला वळतो ते पाहिले की दिशा उमगते.

प्रश्न : काकांचा क्रिस्टल असलेला जुना ७२ मेगाहर्ट्झचा संच मिळाला आहे. तो वापरावा का? (लातूर)

उत्तर : वापरू नये. अशा संचांत जवळपास दुसऱ्या कोणी तोच चॅनेल सुरू केला की दोन्ही विमानांचा ताबा जातो. आजचे २.४ गिगाहर्ट्झचे संच विमानातील आपल्याच रिसीव्हरशी बाइंड होतात आणि ही भीती जवळजवळ राहत नाही. नव्या संचात फेलसेफ मात्र स्वतः लावून तपासावे, म्हणजे संपर्क तुटल्यास मोटर बंद होईल.

प्रश्न : जायरो असलेले, आपोआप सरळ होणारे विमान घेतले तर शिकणे खोटे ठरते का? (नाशिक)

उत्तर : खोटे ठरत नाही. पहिल्या काही उड्डाणांत जायरो घाबरलेल्या हाताला सावरतो, आणि वाऱ्याच्या झुळुकांतही विमान स्थिर दिसते. पण समोरचे झाड त्याला दिसत नाही आणि वेग कमी झाला तर विमान पंखावर टिकवण्याची ताकदही त्याच्यात नसते. वळणे जमू लागली की शांत सकाळी, उंचावर तो बंद करून उडवण्यास सुरुवात करावी, नाहीतर विमानाचे वागणे आपल्याला कधीच समजणार नाही.

प्रश्न : उड्डाण जमते, हवेतही विमान चांगले चालते, पण उतरताना शेवटच्या वळणावर ते एकदम एका पंखावर कोसळते. वाऱ्याचा काही संबंध आहे का? (अमरावती)

उत्तर : संबंध आहे, आणि तो बहुधा आपल्या डोळ्यांच्या फसगतीतून येतो. समजा विमान हवेच्या तुलनेत सेकंदाला ८ मीटर वेगाने उडते आहे आणि वारा ४ मीटरचा आहे. वाऱ्याच्या दिशेने जाताना ते जमिनीवरून पाहणाऱ्याला सेकंदाला १२ मीटर पळताना दिसते, वाऱ्याविरुद्ध येताना केवळ ४. पंखाला मात्र दोन्ही वेळा ८ मीटरचाच वारा लागत असतो. उतरण्यापूर्वीचा पल्ला वाऱ्याच्या दिशेने असतो; तेथे विमान फार वेगात आहे असे वाटून नवशिका थ्रॉटल कमी करतो आणि एलिव्हेटर ओढतो, पुढे वळताना पंखाला अधिक उचल लागते, आणि नेमक्या त्या क्षणी वेग अपुरा पडतो. पंखाचा हवेशी असलेला कोन सुमारे १५ अंशांपलीकडे गेला की वरचा वारा पंखाला सोडून देतो आणि एक पंख खाली जातो. हाच स्टॉल होय.

पंख खाली गेला की बहुतेक जण एलेरॉन विरुद्ध बाजूला मारतात, आणि त्याने खाली गेलेल्या पंखाचा कोन आणखी वाढून गोष्ट बिघडते. आधी एलिव्हेटर सैल सोडावा, थ्रॉटल द्यावा, वेग आला की मगच पंख सरळ करावेत. हे सारे ६० मीटर उंचीवर मुद्दाम, पुन्हा पुन्हा करून पाहावे. जमिनीपासून आठ मीटरवर ते पहिल्यांदा करण्याची वेळ येऊ देऊ नये.

उतरण्याची फेरीही मोठी घ्यावी. शेवटचे वळण मैदानाच्या बरेच पलीकडे, पुरेशा उंचीवर आणि थोड्या कलात पूर्ण करावे, म्हणजे वाऱ्याविरुद्धचा सरळ पल्ला लांब मिळतो. या पल्ल्यात थ्रॉटलने खाली येण्याचा दर आणि एलिव्हेटरने वेग सांभाळावा. विमान धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही असे दिसले तर एलिव्हेटर ओढण्याची इच्छा होते. त्या वेळी थ्रॉटल वाढवणे हाच उपाय आहे. जमिनीपासून मीटरभर उंचीवर थ्रॉटल बंद करून नाक हळूहळू, किंचितच वर धरावे. पल्ला मनासारखा लागला नाही तर पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी घ्यावी. फेरी सोडून देण्याचा सराव उतरण्याच्या सरावाइतकाच करावा, आणि त्यासाठी बॅटरीत दोन फेऱ्यांइतकी शक्ती नेहमी शिल्लक ठेवावी.

प्रश्न : सहा महिन्यांत दोन लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटऱ्या फुगल्या. बॅटरीचा दोष की माझा? (सोलापूर)

उत्तर : बहुधा उष्णता आणि साठवण यांचा. लिपोचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, आणि तो ३ व्होल्टखाली गेला की त्याची कायमची हानी होते. उड्डाण नसेल तेव्हा तो सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडाभर कपाटात ठेवणे हे फुगण्याचे नेहमीचे कारण आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद गाडीत तर ती मुळीच ठेवू नये. २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २.२ अँपिअरवर, बॅलन्स चार्जरने (सर्व सेल सारखे भरणाऱ्या), आपण समोर असताना आणि जळणाऱ्या वस्तूंपासून दूर फरशीवर भरावी. तिच्यातील ८० टक्के, म्हणजे सुमारे १७६० मिलिअँपिअर-तास वापरून झाले की उतरावे. मोटर सरासरी १२ अँपिअर घेत असेल तर हा वेळ जेमतेम पावणेनऊ मिनिटे होतो, म्हणून ट्रान्समीटरचा टायमर सात मिनिटांवर लावावा. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये आणि टोचून तर कधीच पाहू नये. ती पूर्ण रिकामी करून ई-कचरा संकलनात द्यावी.

प्रश्न : ठाण्यातील मैदानावर मुलांना शिकवायचे आहे. परवानगी लागते का? (ठाणे)

उत्तर : २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतची, शिक्षण किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी विमाने वेगळी ओळखली आहेत आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट (विमानाच्या नमुन्यासाठीचे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. परंतु कोठे उडवायचे याची बंधने त्यांनाही आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत उडवता येते. पिवळ्या क्षेत्रासाठी हवाई वाहतूक नियंत्रणाची आणि लाल क्षेत्रासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुंबईत पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरच्या लहान विमानांचाही उल्लेख असतो. ठाण्यातही त्या दिवशी तसा आदेश लागू आहे का, हे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारावे. पुण्याच्या वाचकांनी लोहगावचा हवाई दलाचा तळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि हडपसरचे ग्लायडिंग केंद्र, तर नाशिकच्या वाचकांनी ओझर आणि देवळाली ध्यानात ठेवून जागा शोधावी. नियमांत बदल होत असतात, त्यामुळे नोंदणीसह सर्व तरतुदी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या चालू माहितीवरून पाहाव्यात.

कायदा बाजूला ठेवला तरी शहरातील क्रिकेटचे मैदान शिकवण्यासाठी अयोग्यच आहे. ७०० ग्रॅमचे विमान लागले तर माणूस गंभीर जखमी होऊ शकतो, आणि नवशिक्याला लागणारी दीडशे मीटरची मोकळी जागा तेथे नसते. शहराबाहेर, खरिपाची कापणी झालेले शेत, मालकाच्या संमतीने, सकाळी सात ते नऊच्या दरम्यान मिळाले तर त्याहून चांगली शाळा नाही. मऊ जमीन विमानालाही सांभाळून घेते. संक्रांतीच्या दिवसांत मात्र पतंग आणि मांजा यांपासून दूर राहावे.

प्रश्न : मी ६४ वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. हात आता तितके चपळ नाहीत. या वयात शिकता येईल का? घराजवळ मोठा कातळसडा आहे, तेथे उडवावे का? (रत्नागिरी)

उत्तर : जरूर शिकता येईल. ट्रेनरला चपळ हातांपेक्षा शांत हात आवडतात, आणि विद्यार्थ्याच्या चुकीकडे धीराने पाहण्याची आपली आयुष्यभराची सवय येथे स्वतःसाठी वापरता येईल. दूरचे पाहण्याचा चष्मा अद्ययावत असावा. विमान थोडे मोठे, दीड मीटर पंखाचे आणि ठळक रंगाचे घ्यावे, कारण मोठे विमान दुरूनही ओळखू येते आणि हवेत सावकाश दिसते. स्टिक अंगठ्याने ढकलण्याऐवजी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून पाहावी. हात कापत असेल तर त्याने हालचाल अधिक बारीक होते.

सडा मोकळा असतो हे खरे, पण पहिल्या महिन्यांसाठी मी तो निवडणार नाही. जांभ्यावर आपटलेले फोमचे विमान क्वचितच पुन्हा उडते. शिवाय सकाळी उशिरा समुद्रावरचा वारा सुरू झाला की सड्याच्या पश्चिमेच्या कडेवर हवा जोरात वर चढते आणि कडेमागे ती उलटी-पालटी होते; त्या उलट्या हवेत नवशिक्याचे विमान खाली खेचले जाते. हीच वर चढणारी हवा पुढे, उतारावर मोटरशिवाय ग्लायडर उडवण्यासाठी आपल्याला फार उपयोगी पडेल, तेव्हा ती जागा त्यासाठी राखून ठेवावी. रत्नागिरी परिसरातील अनेक सड्यांवर कातळशिल्पे आहेत. आपल्या सड्यावर ती असतील तर त्यांच्यावरून चालणे, गाडी नेणे किंवा विमान उतरवणे पूर्णपणे टाळावे.

सुरुवातीसाठी भात कापून झालेले खाचर घ्यावे, बांध आणि विजेच्या तारा यांपासून दूर, आणि वारा पडलेला असताना, उजाडल्यानंतरच्या दोन तासांत. पहिला महिना सिम्युलेटरवर रोज थोडा वेळ द्यावा, आणि शेतातील पहिली दहा-बारा उड्डाणे रत्नागिरी किंवा चिपळूणकडचा एखादा अनुभवी उडवणारा बडी बॉक्स घेऊन शेजारी उभा असतानाच करावीत. सड्याच्या कडेची दिशा आणि उताराची उंची कळवल्यास तेथे ग्लायडर कोणत्या वाऱ्यात उडवता येईल, हे पुढील अंकात लिहीन.